व्याह्यांचे टोमॅटो

माझ्या व्याह्यांबद्दल चार चांगले शब्द सांगायला बसलो आहे, तेव्हा आधी वाईट सांगून मोकळा होतो. हा माणूस दिसायला साधा, बोलायला मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसावर राग धरणं फार कठीण असतं. मला ते जमलं, आणि चांगली दोन वर्षं जमलं.

मी भाजीवाला. बाजाराच्या रांगेत कोपऱ्यावरून दुसरा गाळा माझा, एकेचाळीस वर्षं. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. ते वीजकंपनीत मीटर वाचायचे. लोकांच्या जिन्याखाली नाहीतर दाराआड उकिडवं बसायचं, टॉर्च मारायचा, आकडा लिहायचा आणि कुत्रं अंगावर यायच्या आत पुढचं दार गाठायचं, असं तीस वर्षं केलं त्यांनी. लग्नाची बोलणी करायला आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही खुर्चीवर बसायच्या आधी त्यांची नजर आमच्या मीटरकडे गेली होती. मला ते तेव्हा आवडलं होतं. माणूस आपल्या कामाला धरून आहे, म्हटलं, आपलं जमेल. तेव्हा मला कुठे माहीत होतं की हा पुढे माझ्याच धंद्यात घुसणार आहे.

सगळ्याचं मूळ आमची नात. सहा वर्षांची आहे. खायची मुंगीसारखं कुरतडून, म्हणून नावच मुंगी पडलं. तिच्या हिशेबात मी दुकानवाले आजोबा आणि ते बागवाले आजोबा. आता तुम्हीच सांगा, बाग म्हटलं की कसं डोळ्यांपुढे हिरवंगार येतं, आणि दुकान म्हटलं की येतो तो तराजू. इथूनच मी मागे पडलो.

ती तीन वर्षांची असताना तिच्या अंगावर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, कशानेही उठतं. साबण असेल, धूळ असेल, खाण्यातलं काही असेल. मलम लावलं, पंधरा दिवसांत पुरळ गेलं. सुनेच्या मनातून मात्र ते गेलं नाही. सून लायब्ररीत कामाला आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिच्यावरची सगळी पुस्तकं उपसल्याशिवाय तिला चैन पडत नाही. महिनाभर वाचलं, आणि एका रविवारी जेवताना फार गोड आवाजात मला म्हणाली, बाबा, राग मानू नका, आम्हा मोठ्यांना तुमचीच भाजी, पण मुंगीपुरती आपण सेंद्रिय आणू या. म्हणजे जिच्यावर औषध मारलेलं नाही, जिला रासायनिक खत घातलेलं नाही, अशी.

मी राग मानला. पण खोटं कशाला बोलू, तिचं अगदीच चुकत नव्हतं. कधीकधी असा फ्लॉवर येतो की क्रेट उघडला की औषधाचा वास थेट नाकात जातो. असा फ्लॉवर मी कधी घरी नेला नाही. गाळ्यावर मात्र मांडला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर मुलाच्या घरी दोन टोपल्या झाल्या. एक माझ्या भाजीची, ती ओट्याखाली. दुसरी मुंगीची, ती फ्रिजवर, आणि तिला इतर कुणी हात लावायचा नाही. ती भाजी काचेच्या दाराच्या एका दुकानातून यायची. कागदी पिशवीत चार गाजरं, पिशवीवर हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो. माझ्या गाळ्यावर आठवड्याची पिशवी भरते तेवढ्यात तिथे दोन दिवसांचं यायचं. ते भागवायला मुलाने शनिवारची जादा पाळी घेतली. शनिवारी तो मुंगीला पोहायला न्यायचा, ते बंद झालं.

आणि गंमत पाहा. पूर्वी ही पोर खेळता खेळता माझ्या गाळ्यावरची दोनतीन गाजरं कुरतडून संपवायची, कुणाला कळायचंही नाही. आता तिच्यापुढे बशीत अर्धं गाजर यायचं आणि त्याच्याबरोबर आईचं वाक्य यायचं, की बाळा, महागाचं आहे, टाकू नको. झालं. त्या वाक्याने गाजराचं औषध झालं. पोर गाजराकडे बघून तोंड फिरवायला लागली. मी मुलाला म्हटलं, अरे, थोडं महागाचं खाण्यापेक्षा साधं स्वच्छ धुऊन पोटभर खाल्लेलं काय वाईट? तर तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला तुमच्या धंद्याचं पडलंय." निम्मं खरं होतं म्हणून जास्त लागलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते ऐकून होतो. पण सगळ्या रस्त्याने माझ्याकडून भाजी न्यावी आणि माझ्या नातीने नेऊ नये, हे काही मला गिळता येईना.

याच सुमाराला व्याही निवृत्त झाले. निवृत्त माणसाने काय करावं? पेपर वाचावा, बाकावर बसावं, सरकारला नावं ठेवावीत. यांनी पाण्याच्या टाकीमागची जमिनीची एक पट्टी भाड्याने घेतली. लेकीचा खर्च आणि जावयाचा शनिवार वाचावा म्हणून आपणच पिकवायचं ठरवलं. साठी उलटलेल्या या माणसाने तोवर कुंडीतलं रोपही जगवलेलं नव्हतं. मी मनातल्या मनात हसलो. बघू या, म्हटलं, माती काही मीटर नाही, की टॉर्च मारला आणि आकडा दिसला.

पाच महिन्यांनी रविवारी त्यांनी पहिला कोबी आणला. त्याला इतकी भोकं होती की मी गाळ्यावर ठेवला असता तर गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर फेकून मारला असता. सून मात्र ती भोकं कौतुकाने बोटाने मोजत होती. अळीने खाल्लाय म्हणजे औषध नाहीच, असं ती नवऱ्याला समजावत होती. म्हणजे माझ्या एकेचाळीस वर्षांच्या शब्दापेक्षा एका अळीची साक्ष मोठी. आणि मुंगीने तो कोबी खाल्ला. मागून घेऊन खाल्ला, कारण आदल्या रविवारी तिने त्याच्यावरून स्वतःच्या हाताने दोन अळ्या उचलून बाजूला केल्या होत्या. ती तोंड भरून अळ्यांबद्दल सांगत होती आणि व्याही नुसते हसत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. नात खायला लागली, मुलाचा शनिवार सुटला, पोहणं परत सुरू झालं. पण मी जळून कोळसा झालो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय ते औषधाने जायचं नाही." मी तिला म्हटलं, कोबी पचला नाही. ती म्हणाली, कोबी नाही, व्याही पचले नाहीत.

त्यानंतर मी काहीतरी निमित्त काढून त्या पट्टीवर जाऊ लागलो. कधी रिकामे क्रेट द्यायला, कधी असाच. हेतू एकच, कुठे काही चुकतंय का ते बघायचं. चुकत होतं पुष्कळ. घेवडा दाट लावलेला, काकडीला आधार कमी. मी बोललो नाही. ते आपले रोपापुढे उकिडवे बसलेले असायचे, अगदी मीटरपुढे बसायचे तसेच, आणि पानाच्या मागे टॉर्च मारून किडे शोधायचे. भर उन्हात टॉर्च. सापडलेला किडा चिमटीत धरून पाण्याच्या डब्यात टाकायचे. एकेका वाफ्याला तास तास जायचा. गुडघे दुखायचे म्हणून उठताना फावड्याचा आधार घ्यायचे, आणि मला बघून ओशाळल्यासारखं हसायचे. म्हणायचे, व्याहीबुवा, तुमच्यासारखी नजर नाही ना, म्हणून वेळ लागतो.

असं कुणी बोललं की राग धरायचा कसा? मी तरी धरला. दर रविवारी ते पिशवी घेऊन यायचे, मुंगी दारातच ती हिसकावून घ्यायची, आणि मी आणलेली पिशवी ओट्याखाली जायची.

मग तो टोमॅटोचा रविवार आला. व्याह्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली, बारा टोमॅटो गडगडत बाहेर आले, आणि मी जागच्या जागी ताठ झालो. बाराच्या बारा एका मापाचे. रंग तळाशी लाल, देठाशी फिकट, म्हणजे अर्धकच्चा तोडून क्रेटमध्ये रंग चढलेला. एका अंगाला किंचित चपटे, क्रेटमध्ये एकमेकांवर दाबून बसलेले. मी एक उचलून देठाशी नाक लावलं. झाडावर पिकलेल्या टोमॅटोच्या देठाला पानासारखा तिखट हिरवा वास असतो. याला कसलाच वास नव्हता. हा बागेतला टोमॅटो नव्हता. हा बाजारातून आला होता, आणि ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं.

खरा शेतकरी असता तर त्याने फसवायला वेडेवाकडे निवडले असते. या भल्या माणसाने आकडे जुळवल्यासारखे एकसारखे, देखणे टोमॅटो निवडले होते. नातीला द्यायचे तर चांगलेच द्यावेत, एवढंच त्यांच्या डोक्यात.

मी त्या दिवशी गप्प राहिलो. गप्प राहण्याचीही एक चव असते. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर, जेवण झाल्यावर, अगदी सहज विचारायचं असं मी ठरवलं. आठवडाभर गाळ्यावर मी गिऱ्हाइकांशी इतका गोड बोलत होतो की दोघीतिघींनी तब्येत विचारली. तेवढ्यात वाटलं, एकदा डोळ्यांनी खात्री करून घ्यावी. बुधवारी दुपारी गाळ्यावर बायकोला बसवलं आणि पट्टीवर गेलो.

टोमॅटोची सगळी रोपं गेली होती. पानं आकसून काळी पडलेली, खोडांवर चट्टे, हिरवी फळं सडून खाली पडलेली. करपा. एकदा शिरला की आठवड्यात वाफा साफ करतो. व्याही बांधावर बसले होते. मला बघून नेहमीसारखे हसले नाहीत.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तिसरा आठवडा." त्यांनी एक काळं पान खुडून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "दुकानात गेलो होतो. औषधाची बाटली हातात घेतली होती. एकदा फवारलं असतं तर पुढची रांग वाचली असती. ठेवून परत आलो. लेकीला शब्द दिलाय, औषध मारणार नाही म्हणून."

"आणि बाजारातले आणून बागेतले म्हणून देता, ते?"

"त्याला काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही," ते म्हणाले.

मला कळलंय हे त्यांना रविवारीच कळलं होतं. मी देठाचा वास घेतला तेव्हाच. तीन रात्री ते माझ्या येण्याची वाट बघत होते. येत्या रविवारी लेकीला सगळं सांगून टाकतो, म्हणाले. नवी रोपं लावली आहेत, पण फळ धरायला दोन महिने तरी जातील. तोवर ती परत त्या काचेच्या दुकानात जाईल, जावई परत शनिवारी कामाला जाईल. होऊ दे. मुंगीला मात्र काय सांगायचं, तेवढं कळत नाही. तिने शाळेत सगळ्यांना सांगितलंय की माझे आजोबा टोमॅटो बनवतात.

आता मला काय हवं होतं? हेच हवं होतं. मला तोंडही उघडावं लागणार नव्हतं, आपोआप होणार होतं. तरी माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला.

"घेतलेत कुठून?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं, स्टेशनजवळच्या गाळ्यावरून.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या माणसाच्या क्रेटमध्ये वर काय असतं आणि खाली काय असतं, ते मला विचारा. त्याने आठआठ दिवसांचा माल पाणी मारून ताजा म्हणून खपवलेला मी पाहिला आहे. आणि माझी नात, जी तीन वर्षं माझ्या हातचं गाजर खात नाही, ती रविवारपासून त्याच्या हातचे टोमॅटो खाते आहे. बागवाल्याचं एक वेळ सोसलं असतं. पण त्याचे? मी एकदम मोठ्याने बोललो, "आणायचेच होते तर माझ्याकडे का नाही आलात?"

"तुमच्याकडे कुठल्या तोंडाने येणार होतो, व्याहीबुवा?"

"आहे त्याच तोंडाने यायचं. निदान बरे तरी दिले असते. ते टोमॅटो नव्हते, ते चेंडू होते."

मी सज्जनपणा केला असं कुणी समजू नये. दुसऱ्या भाजीवाल्याचा हेवा आणि व्याह्यांचा हेवा तराजूत घातले, तर दुसऱ्या भाजीवाल्याचं पारडं खाली गेलं, एवढंच. मी त्यांना म्हटलं, शनिवारी संध्याकाळी गाळ्याच्या मागच्या दाराने या. ते नको म्हणत होते, लेकीला किती फसवायचं म्हणत होते. मी म्हटलं, रोपांना फळ धरलं की सांगा खुशाल, माझं नाव घालून सांगा. पण तोवर पोरीच्या पोटात काही जाईल ते माझ्या नजरेखालून जाईल.

शनिवारी पहाटे घाऊक बाजारात मी नेहमीच्या क्रेटकडे गेलोच नाही. मागे एक ढीग असतो, निवडून बाजूला काढलेल्या मालाचा. फार पिकलेले, देठाशी तडकलेले, एक डोंगराएवढा तर एक लिंबाएवढा. प्रवासात टिकत नाहीत म्हणून ते सॉसवाल्यांकडे जातात. आम्हा भाजीवाल्यांना ठाऊक असतं की सगळ्या बाजारात खायला सगळ्यात गोड तेच. पण गिऱ्हाइकाला ते दाखवायची सोय नाही, गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं. मी त्या ढिगापाशी खाली बसलो. एकेक टोमॅटो हातात घेऊन फिरवला, देठाशी नाक लावलं, बोटाने हलकेच दाबला. तास गेला. स्वतःच्या लग्नाचे कपडेही मी इतके निवडले नव्हते. चौदा टोमॅटो मिळाले.

यात औषध मारलेलं नव्हतं का? असेल मारलेलं. मी तीन पाण्यांनी धुतले, मिठाच्या पाण्यात ठेवले, पुसले. त्याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं. सुनेला फसवत होतो हे मला कळत होतं. ती पुस्तकं वाचून जे करत होती ते पोरीच्या काळजीपोटी करत होती, आणि मी जे करत होतो ते पोटातल्या आगीपोटी. रोपांना फळ धरलं की व्याह्यांच्या आधी मीच तिला सांगायचं, असं मी ठरवलं आहे. अजून धरलेलं नाही.

संध्याकाळी व्याही आले. त्यांनी टोमॅटो बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, अहो, हे तर अगदी माझ्या झाडाला लागायचे तसे दिसतात. मी म्हटलं, दिसायलाच हवेत, एकेचाळीस वर्षं मी काय गवत कापत होतो? पिशवीत घालताना त्यांनी प्रत्येकाला आपल्या हाताने आधार दिला.

रविवारी मी मुद्दाम थोडा आधी गेलो. व्याही आले, मुंगीने पिशवी हिसकावली, टोमॅटो टेबलावर आले. सुनेने देठाजवळचे तडे बघितले आणि तिचा चेहरा उजळला. मुलगा सासऱ्यांना म्हणाला, अप्पा, या वेळचे तर कमालच आहेत. मुंगीने सगळ्यात मोठा दोन्ही हातांत धरला आणि चावली. रस हनुवटीवरून कोपरापर्यंत ओघळला. तिने तो संपवला. दुसरा घेतला, तोही संपवला. मीठ नको, बशी नको, आईचं वाक्य नको. ही पोर इतकं खाताना मी तीन वर्षांत पाहिली नव्हती. मी निवडलेलं माझी नात खात होती, आणि तोंड पुसून तिने मिठी मारली ती बागवाल्या आजोबांना. सगळ्या दोन वर्षांत मी जळलो नव्हतो तेवढा त्या एका मिनिटात जळलो.

मग ती माझ्याकडे वळली आणि मनापासून विचारलं, "दुकानवाले आजोबा, तुम्ही का नाही असे आणत?"

व्याह्यांचे कान लाल झाले. हा माणूस आता बोलणार, हे मला दिसलं. "मुंगे, अगं हे टोमॅटो..." त्यांनी सुरुवात केली.

"मला नाही जमत, बाळा," मी मध्येच म्हणालो. "त्याला बागेत राबावं लागतं. तुझ्या आजोबांसारखं."

मुंगीला माझी दया आली असावी. तिने तिसऱ्या टोमॅटोचा एक घास घेतला आणि उरलेला माझ्यापुढे धरला. "खाऊन बघा, म्हणजे तुम्हाला कळेल," म्हणाली.

मी खाल्ला. पहाटे तास घालून, अंधारात टॉर्च मारून मीच निवडलेला.

"कळलं?" तिने विचारलं.

"कळलं," मी म्हणालो. "फार गोड आहे. मी असा कधी खाल्ला नव्हता."